उलटणाऱ्या रोगाचा माग : मलाशयाच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेचा इतिहास

मलाशय म्हणजे मोठ्या आतड्याचा शेवटचा, साधारण १५ सेंटिमीटर लांबीचा भाग. ओटीपोटाच्या हाडांनी वेढलेल्या अरुंद पोकळीत तो दाटीने बसलेला असतो. मागे त्रिकास्थी आणि माकडहाड, पुढे मूत्राशय, पुरुषांत प्रोस्टेट ग्रंथी, स्त्रियांत गर्भाशय व योनिमार्ग, दोन्ही बाजूंना लघवी आणि लैंगिक क्रिया सांभाळणाऱ्या बारीक नसा, आणि तळाशी शौचावर ताबा ठेवणारे स्नायूंचे कडे. इतक्या अडचणीच्या जागेत वाढलेली कर्करोगाची गाठ काढणे हे शल्यचिकित्सेतील सर्वांत अवघड कामांपैकी एक मानले गेले.

या शस्त्रक्रियेचे यश नेहमी तीन प्रश्नांवर मोजले गेले : रुग्ण टेबलावरून जिवंत उठतो का, रोग पुन्हा उलटतो का, आणि शौचाचा नैसर्गिक मार्ग टिकतो का. पहिला प्रश्न भूल, जंतुनाशन आणि रक्त चढवण्याच्या सोयीने हळूहळू सुटला. दुसरा प्रश्न शतकभर छळत राहिला. गाठ काढलेल्या जागीच, ओटीपोटाच्या तळाशी, रोग उलटला की रुग्णाला बसवत नाही, कंबरेतून पायापर्यंत असह्य कळा येतात, जखम वाहत राहते. हा रोग कोठून उलटतो याचा माग काढण्याची धडपड हाच या शस्त्रक्रियेच्या इतिहासाचा कणा आहे.

भुलीच्या आधीचा काळ

अठराव्या शतकात मलाशयाच्या गाठीवर इलाज नव्हता. आतडे बंद पडले की पोट फुगून, उलट्या होऊन रुग्ण दगावत असे. १७७६ मध्ये फ्रान्समधील रुआं शहरात पिलोर या शल्यचिकित्सकाने अशाच एका रुग्णावर शस्त्रक्रिया केली. मोरेल नावाचा हा दारूचा व्यापारी होता. आतडे मोकळे व्हावे म्हणून त्याला आधी सुमारे दोन पौंड पारा पाजण्यात आला होता. धातूच्या वजनाने अडथळा खाली रेटला जाईल अशी त्या काळची समजूत होती. पारा आतच अडकला. तेव्हा पिलोरने पोटाच्या उजव्या बाजूला छेद घेऊन मोठ्या आतड्याचे तोंड बाहेर काढले. शौच बाहेर पडू लागले, पोट उतरले. परंतु २८व्या दिवशी रुग्ण गेला. शवविच्छेदनात दिसले की शस्त्रक्रियेची जागा ठीक होती. पाऱ्याच्या भाराने लहान आतडे सडले होते.

ही हकिकत प्रकाशात आणली पॅरिसच्या झां अम्युसा यांनी. त्यांचे स्नेही आणि ख्यातनाम वैद्य ब्रुसे १८३८ मध्ये मलाशयाच्या कर्करोगाने आतडे बंद पडून गेले. तो मृत्यू जिव्हारी लागल्याने अम्युसा यांनी जुनी उदाहरणे शोधून काढली आणि १८३९ मध्ये कमरेच्या बाजूने आतड्याचे तोंड बाहेर काढण्याची शस्त्रक्रिया केली. पोटाच्या आतल्या अस्तराला, म्हणजे पेरिटोनियमला, छेद गेला की जंतुसंसर्गाने मृत्यू जवळजवळ ठरलेला असे. म्हणून त्यांनी मागची वाट निवडली. या शस्त्रक्रियेने अडथळ्यातून सुटका झाली, गाठ मात्र जागच्या जागीच राहिली.

गाठच काढण्याचे धाडस त्याआधी, १८२६ मध्ये, पॅरिसच्याच झाक लिस्फ्रांक यांनी केले होते. गुदद्वाराभोवती छेद घेऊन त्यांनी मलाशयाचा खालचा भाग कापून काढला. भूल नव्हती, रुग्णाला धरून ठेवावे लागे. जखम उघडीच राही आणि शौच त्याच जखमेतून, कसलाही ताबा नसताना, वाहत असे. शिवाय बोटाने चाचपता येईल इतकीच खालची गाठ या वाटेने निघे. १८३३ पर्यंत लिस्फ्रांक यांनी असे नऊ रुग्ण नोंदवले.

१८४६ मध्ये ईथरची भूल आली, १८६७ मध्ये जोसेफ लिस्टर यांनी कार्बोलिक आम्लाने जखमा निर्जंतुक करण्याची रीत मांडली, आणि मग हात अधिक खोल जाऊ लागले. १८८५ मध्ये फ्रायबुर्गच्या पॉल क्रास्के यांनी माकडहाड आणि त्रिकास्थीचा खालचा तुकडा काढून पाठीमागून मलाशयाकडे जाण्याची वाट दाखवली. त्यामुळे जरा वरच्या गाठीही हाताशी आल्या, आणि काही वेळा आतड्याची दोन टोके जोडून शौचाचा मार्गही राखता येऊ लागला. जोड बहुधा गळत असे, तरी टेबलावरचे मृत्यू कमी होत गेले. रोग उलटण्याचे प्रमाण मात्र जसेच्या तसे राहिले.

माइल्स यांचा हिशेब

लंडनचे विल्यम अर्नेस्ट माइल्स यांनी १८९९ ते १९०६ या काळात गुदद्वाराकडून मलाशय काढण्याच्या ५७ शस्त्रक्रिया केल्या. त्यांनी रुग्णांचा पुढे पाठपुरावा केला आणि निघालेला आकडा लपवला नाही : ५७ पैकी ५४ जणांचा रोग उलटला होता. शंभरात पंचाण्णव. हात कुशल होता, रुग्ण टेबलावरून उठत होते, जखमा भरत होत्या, तरीही जवळजवळ प्रत्येक शस्त्रक्रिया शेवटी व्यर्थ ठरत होती.

दगावलेल्या रुग्णांच्या शवविच्छेदनात माइल्स यांनी रोग नेमका कोठे उलटला हे पाहिले. तो आढळला ओटीपोटातील पेरिटोनियममध्ये, वरच्या आतड्याला धरून ठेवणाऱ्या पडद्यात आणि डाव्या बाजूच्या मोठ्या रोहिणीच्या फाट्याजवळील लसिकाग्रंथींत. म्हणजे खालून कितीही खोल कापले तरी जो भाग पोटातच राहत होता, नेमका तेथे. यावरून त्यांनी रोग पसरण्याचे तीन पट्टे मांडले : खाली, बाजूला आणि वर. वरचा पट्टा सर्वांत धोक्याचा, आणि गुदद्वाराकडून शस्त्रक्रिया करणाऱ्याचा हात तेथे पोहोचणे अशक्य.

डिसेंबर १९०८ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये त्यांनी आपली नवी पद्धत प्रसिद्ध केली. आधी पोट उघडायचे, मलाशयाकडे जाणारी रोहिणी बांधायची, आतडे त्याच्या पडद्यासह आणि ग्रंथींसह ओटीपोटाच्या तळापर्यंत मोकळे करायचे. वरचे टोक पोटाच्या डाव्या बाजूला कायमचे बाहेर काढायचे. मोकळा केलेला भाग ओटीपोटात ढकलून पोट शिवायचे, रुग्णाला कुशीवर वळवायचे आणि गुदद्वारासह सगळा भाग खालून एकसंध काढून घ्यायचा. गाठ आणि तिच्या पसरण्याच्या वाटा एकाच तुकड्यात काढणे हे या पद्धतीचे सार होते.

किंमत मोठी होती. पहिल्या १२ रुग्णांपैकी ५ दगावले. तेव्हा प्रतिजैविके नव्हती आणि रक्त चढवणेही रुळले नव्हते. अनेक शल्यचिकित्सकांनी जुनी, कमी धोक्याची वाट सोडली नाही. माइल्स आपल्या पद्धतीला चिकटून राहिले, आणि १९२३ पर्यंत त्यांच्या रुग्णांत रोग उलटण्याचे प्रमाण २९.५ टक्क्यांवर आले. ९५ वरून ३० च्या आत. पुढे अर्ध्या शतकाहून अधिक काळ ही शस्त्रक्रिया मलाशयाच्या कर्करोगाचा प्रमाण उपचार ठरली. १९३९ मध्ये लंडनच्याच सेंट मार्क्स रुग्णालयातील ऑस्वल्ड लॉइड-डेव्हिस यांनी पाय उंच आधारावर ठेवण्याची रचना आणली. त्यामुळे एक शल्यचिकित्सक पोटाकडून आणि दुसरा खालून एकाच वेळी काम करू लागला आणि रुग्णाला मध्येच वळवण्याचा धोका टळला.

बचावलेल्या रुग्णाच्या वाट्याला पोटावरचे कायमचे शौचद्वार आले. कापडाच्या घड्या, रबरी पट्टे, धातूची भांडी यांवर दिवस काढावे लागत. गळती आणि वास यांमुळे माणसे घराबाहेर पडेनाशी होत. १९५४ मध्ये डेन्मार्कमधील एलिसे सोरेन्सेन या परिचारिकेने आपल्या बहिणीची हीच अवस्था पाहून कातडीला चिकटणाऱ्या, वापरून टाकून देण्याच्या पिशवीची कल्पना मांडली. ती बहीण शस्त्रक्रियेनंतर लोकांत जायला धजत नव्हती. आज पोटावर पिशवी घेऊन कामावर जाणारा, प्रवास करणारा प्रत्येक रुग्ण त्या कल्पनेचा लाभार्थी आहे.

टप्पे आणि जोड

शस्त्रक्रिया मोठी असावी की लहान हे ठरवायचे तर रोग किती पुढे गेला आहे हे मोजण्याचे माप हवे होते. सेंट मार्क्स रुग्णालयातील विकृतिशास्त्रज्ञ कथबर्ट ड्यूक्स यांनी १९३२ मध्ये २१५ नमुन्यांच्या अभ्यासावरून ते दिले. रोग मलाशयाच्या भिंतीतच असेल तर ‘ए’, भिंत ओलांडून बाहेरच्या चरबीत गेला असेल तर ‘बी’, लसिकाग्रंथींत पोहोचला असेल तर ‘सी’. विभागणी साधी होती, पण रुग्ण किती जगेल याचा अंदाज तीवरून इतका नीट बांधता येई की ती जगभर स्वीकारली गेली. पुढे आलेली सविस्तर टीएनएम पद्धतही याच पायावर उभी आहे.

नमुने तपासताना आणखी एक गोष्ट पुढे आली. आतड्याच्या भिंतीतून रोग गाठीच्या खाली फार दूर क्वचितच सरकतो. तसे असेल तर वरच्या आणि मधल्या गाठींसाठी गुदद्वार काढण्याचे कारण उरत नव्हते. पॅरिसच्या आंरी हार्टमान यांनी १९२१ मध्ये वरचा भाग काढून खालचे टोक शिवून टाकण्याची आणि वरचे टोक पोटावर आणण्याची पद्धत मांडली होती. दोन टोके पुन्हा जोडण्याचे काम अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या क्लॉड डिक्सन यांनी रुळवले. १९४८ मध्ये त्यांनी ४०० रुग्णांचे निष्कर्ष दिले : शस्त्रक्रियेतील मृत्यू २.६ टक्के, पाच वर्षे जगलेले ६४ टक्के. पोटाकडून गाठ काढून शौचमार्ग राखता येतो आणि त्यापायी आयुष्य कमी होत नाही, हे यातून दिसले.

खोल ओटीपोटात हाताने टाके घालणे तरीही जिकिरीचे होते. सोव्हिएत संघात विकसित झालेल्या शिवणयंत्रांवरून अमेरिकेत सुधारलेली स्टेपलर उपकरणे बनली आणि १९७०च्या दशकाच्या अखेरीस गोल स्टेपलर हाती आला. आतड्याची दोन टोके तो एका दाबासरशी धातूच्या बारीक टाक्यांनी गोलाकार जोडतो. पोटावरच्या कायमच्या शौचद्वारातून हजारो रुग्ण सुटले. रोग उलटण्याचा प्रश्न मात्र तसाच उभा होता. केवळ शस्त्रक्रिया झालेल्या दर चार रुग्णांपैकी एकाला पाच वर्षांत त्याच जागी पुन्हा गाठ येणे हे अनेक चांगल्या रुग्णालयांतही नेहमीचे होते.

चरबीचे वेष्टन

उत्तर मिळाले ते इंग्लंडमधील बेसिंगस्टोक या लहान शहरात. मलाशयाभोवती चरबीचे एक जाड वेष्टन असते, त्याला मेसोरेक्टम म्हणतात. रक्तवाहिन्या आणि लसिकाग्रंथी त्यातच असतात. गर्भावस्थेत मलाशय आणि हे वेष्टन एकत्रच तयार होतात, त्यामुळे दोहोंवर मिळून एक पातळ, चकचकीत आवरण असते. या आवरणाच्या बाहेर, ओटीपोटाच्या भिंतीच्या आत, कोळ्याच्या जाळ्यासारख्या विरळ तंतूंचा एक थर असतो. त्यात रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात.

त्या काळी बहुतेक शल्यचिकित्सक पोटातून हात खाली घालून, न पाहता, बोटांनी मलाशय मागच्या हाडापासून सोडवत. त्यात वेष्टन फाटे आणि चरबीचे तुकडे मागे राहत. बेसिंगस्टोकचे रिचर्ड हील्ड आणि त्यांचे सहकारी यांनी १९८२ मध्ये पाच रुग्णांचे नमुने दाखवले. त्यांत गाठीच्या खालच्या पातळीवर, मेसोरेक्टमच्या चरबीत, कर्करोगाचे बारीक कण होते. भिंतीतून रोग खाली सरकत नव्हता, वेष्टनातून सरकत होता. तेच वेष्टन मागे राहिले की रोग पुन्हा तेथूनच उगवत असे.

हील्ड यांची पद्धत सांगायला सोपी, करायला संयमाची. मलाशय हलकेच ताणून धरायचा म्हणजे तो विरळ थर उघडा पडतो. मग उजेडात, डोळ्यांनी पाहत, धारदार हत्याराने त्या थरातूनच थोडे थोडे पुढे जायचे. योग्य थर सापडला तर रक्तस्राव अगदी थोडा होतो, बाजूच्या नसा डोळ्यांना दिसतात आणि वाचतात, आणि वेष्टन न फाटता मलाशयासह अखंड बाहेर येते. काढलेला भाग गुळगुळीत, तुळतुळीत दिसतो. त्यावर ओरखडा वा खाच दिसली तर शस्त्रक्रियेत वाट चुकली असे समजायचे. १९८६ मध्ये हील्ड आणि रायल यांनी ‘द लॅन्सेट’मध्ये ११५ रुग्णांचे निष्कर्ष दिले. पाच वर्षांत त्याच जागी रोग उलटण्याचे प्रमाण होते २.७ टक्के.

आकडा इतका कमी होता की अनेकांना तो खरा वाटला नाही. त्याच वर्षी लीड्सचे विकृतिशास्त्रज्ञ फिलिप क्वर्क यांच्या गटाचे काम प्रसिद्ध झाले आणि हील्ड यांच्या म्हणण्याला वेगळ्याच बाजूने पुष्टी मिळाली. तोवर काढलेल्या आतड्याची फक्त दोन टोके तपासली जात. क्वर्क यांनी नमुन्याच्या बाहेरील पृष्ठभागावर शाई लावली आणि काकडीच्या चकत्या कराव्यात तशा आडव्या चकत्या करून गाठ शाईच्या किती जवळ आली आहे ते पाहिले. ५२ पैकी १४ नमुन्यांत कर्करोग बाजूच्या कडेपर्यंत पोहोचलेला होता, आणि त्या १४ पैकी १२ रुग्णांचा रोग ओटीपोटात उलटला. रोग उलटण्याचा संबंध नशिबाशी कमी आणि बाजूची कड सुटण्याशी अधिक होता, हे सूक्ष्मदर्शकाखाली दिसले.

शिकवणी आणि किरण

पुढची पायरी शिकवण्याची होती. हील्ड स्वतः स्वीडन आणि नॉर्वेला जाऊन शस्त्रक्रिया दाखवू लागले. तेथील शल्यचिकित्सकांनी कार्यशाळांत एकमेकांचे काम पाहिले आणि राष्ट्रीय नोंदवह्यांत प्रत्येक रुग्णाचा निकाल लिहिला. एका माणसाचे कसब देशभरच्या रुग्णालयांत पोहोचवता येते, हे या काळाने सिद्ध केले.

याच सुमारास किरणोपचाराची भर पडली. स्वीडनमधील ११६८ रुग्णांच्या चाचणीत एका गटाला शस्त्रक्रियेआधी आठवडाभरात पाच वेळा किरण दिले गेले. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत पाच वर्षांत त्याच जागी रोग उलटण्याचे प्रमाण २७ वरून ११ टक्क्यांवर आले आणि जगणाऱ्यांचे प्रमाण ४८ वरून ५८ टक्क्यांवर गेले. नेदरलँड्समध्ये मग प्रशिक्षित शल्यचिकित्सकांनी मेसोरेक्टम अखंड काढण्याच्या पद्धतीनेच १८६१ रुग्णांची चाचणी केली. २००१ च्या निष्कर्षांत दोन वर्षांनी केवळ शस्त्रक्रियेच्या गटात ८.२ टक्के आणि किरणांसह शस्त्रक्रियेच्या गटात २.४ टक्के रुग्णांचा रोग त्या जागी उलटला. शस्त्रक्रिया चांगली असली तरी किरणांचा उपयोग होतो, आणि किरण दिले तरी चांगली शस्त्रक्रिया टाळता येत नाही, असा दुहेरी धडा त्यातून मिळाला. २००४ च्या जर्मन चाचणीत किरण आणि औषधे शस्त्रक्रियेनंतर देण्यापेक्षा आधी देणे अधिक गुणकारी ठरले.

शस्त्रक्रियेआधीच कड कितपत सुटेल हे पाहण्याची सोय एमआरआयने केली. गाठ वेष्टनाच्या आवरणापासून किती मिलिमीटरवर आहे हे चित्रात दिसते. त्यावरून कोणाला थेट शस्त्रक्रिया, कोणाला आधी किरण व औषधे, हे ठरवले जाते.

ओटीपोटाच्या पलीकडे

गाठ मूत्राशय, गर्भाशय किंवा त्रिकास्थीत शिरलेली असेल तर वेष्टनाबाहेर जावे लागते. न्यूयॉर्कच्या मेमोरियल रुग्णालयातील अलेक्झांडर ब्रुन्श्विग यांनी १९४८ मध्ये ओटीपोटातील सगळे अवयव एकत्र काढण्याची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. ती मुख्यतः गर्भाशयमुखाच्या पुढे गेलेल्या कर्करोगासाठी होती. २२ रुग्णांपैकी ५ शस्त्रक्रियेमुळे दगावले. हीच शस्त्रक्रिया पुढे मलाशयाच्या पसरलेल्या आणि उलटलेल्या कर्करोगासाठी वापरली गेली. अनुभवी केंद्रांत तिच्यातील मृत्यू आता बरेच घटले आहेत. सर्व बाजूंनी निरोगी कड मिळाली तरच ती फलद्रूप होते. म्हणून तिच्यासाठी रुग्णाची निवड फार काटेकोरपणे करावी लागते.

आतड्याचे रक्त यकृतातून जाते, त्यामुळे दूर पसरणारा रोग बहुधा यकृतात पहिले ठाणे मांडतो. एके काळी यकृतात गाठी दिसल्या की उपचार थांबत. फ्रान्समध्ये १९५२ मध्ये झां लोर्ता-झाकोब यांनी यकृताचा उजवा भाग नियोजनपूर्वक काढून दाखवला, आणि क्लोद कुइनो यांनी १९५७ मध्ये यकृताचे रक्तवाहिन्यांनुसार आठ खंड मांडले. यकृत कोठे कापावे हे त्या नकाशाने शिकवले. १९९९ मध्ये न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग केंद्राने यकृतातील गाठी काढलेल्या १००१ रुग्णांचे निष्कर्ष दिले : पाच वर्षे जगलेले ३७ टक्के, दहा वर्षे जगलेले २२ टक्के. दूर पसरलेल्या, म्हणजे चौथ्या टप्प्यातील, कर्करोगाच्या रुग्णांत हे आकडे पूर्वी कोणी अपेक्षिलेले नव्हते. पॅरिसजवळच्या व्हिलझुइफ येथील रने आदाम यांच्या गटाने २००४ मध्ये दाखवले की काढता न येणाऱ्या यकृतातील गाठी असलेल्या ११०४ रुग्णांपैकी १३८ जणांत केमोथेरपीने गाठी इतक्या आकसल्या की शस्त्रक्रिया शक्य झाली, आणि त्यांतील ३३ टक्के पाच वर्षे जगले.

प्रत्येक मोठी शस्त्रक्रिया कसोटीला उतरली असे नाही. पेरिटोनियमवर पसरलेल्या गाठी काढून पोटात गरम औषध फिरवण्याची पद्धत बरीच वर्षे आशेचा विषय होती. फ्रान्समधील २६५ रुग्णांच्या चाचणीत, २०२१ मध्ये, ऑक्सालिप्लॅटिन हे गरम औषध घालून वा न घालता आयुर्मान जवळजवळ सारखेच निघाले : ४१.७ आणि ४१.२ महिने. गाठी पूर्ण काढण्याचा लाभ आहे, त्या गरम औषधाची भर उपयोगी नाही, असे दिसले. उलट यकृताच्या प्रत्यारोपणाबाबत, जे या कर्करोगात निषिद्ध मानले जाई, ऑस्लोतील प्रयोगांनंतर युरोपातील ९४ निवडक रुग्णांच्या चाचणीने २०२४ मध्ये वेगळे चित्र दिले. केमोथेरपीसह प्रत्यारोपणाच्या गटात पाच वर्षे जगलेले सुमारे ५७ टक्के, केवळ केमोथेरपीच्या गटात सुमारे १३ टक्के.

शस्त्र न उचलण्याचा निर्णय

ब्राझीलमधील साओ पाउलो येथील अँजेलिता हाब्र-गामा यांनी किरण आणि औषधांनंतर गाठ पूर्ण विरघळलेल्या रुग्णांवर शस्त्रक्रिया न करता त्यांना काटेकोर देखरेखीखाली ठेवले. २००४ मध्ये त्यांनी २६५ पैकी अशा ७१ रुग्णांचे निष्कर्ष मांडले तेव्हा मोठा विरोध झाला. आज ही रीत अनेक देशांत निवडक रुग्णांसाठी मान्य आहे. रोग पुन्हा दिसला तर लगेच शस्त्रक्रिया करण्याची तयारी ही तिची अट आहे. २०२२ मध्ये न्यूयॉर्कमधील एका अभ्यासात विशिष्ट जनुकीय दोष असलेल्या पहिल्या १२ रुग्णांची गाठ केवळ डोस्टार्लिमॅब या प्रतिकारशक्ती जागवणाऱ्या औषधाने नाहीशी झाली. असा दोष मलाशयाच्या कर्करोगाच्या थोड्याच रुग्णांत असतो.

भारतात मोठ्या आतड्याच्या आणि मलाशयाच्या कर्करोगाचे प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी आहे, पण पन्नाशीच्या आतल्या रुग्णांचा वाटा मोठा आहे आणि अनेकजण उशिरा पोहोचतात. १९४१ मध्ये परळला सुरू झालेल्या टाटा स्मारक रुग्णालयासारख्या केंद्रांत मेसोरेक्टम अखंड काढण्यापासून ओटीपोटातील सगळे अवयव काढण्यापर्यंतच्या शस्त्रक्रिया होतात. उशिराचे एक नेहमीचे कारण घरगुती आहे : शौचावाटे रक्त पडले की ती मूळव्याधच समजून महिनोन्‌महिने मलम आणि चूर्णांवर काढले जातात. मलाशयाच्या खालच्या भागातील गाठ हातमोजा घातलेल्या बोटाने, मिनिटभरात, कोणत्याही साध्या दवाखान्यात चाचपता येते. लिस्फ्रांक यांच्याजवळही रोग ओळखायला तेवढेच साधन होते. ‘ए’ टप्प्यात सापडलेल्या गाठीचे बहुतेक रुग्ण आज बरे होतात, आणि त्यांतील बऱ्याच जणांना पोटावर कायमची पिशवी लागत नाही.